त्वचेच्या कर्करोगाचा सर्जन व्हायचे असेल तर

आंतरवासिता पूर्ण करत असलेल्या एका तरुण डॉक्टरांचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्वचेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन व्हायचे असेल, तर त्वचारोगशास्त्राच्या वाटेने जावे की शस्त्रक्रियेच्या? पंचवीस-तीस वर्षे तेच ते छोटे डाग काढत राहण्याचा कंटाळा येत नाही का? आणि कर्करोगावर नवनवी औषधे येत असताना या सर्जनला पुढे काम उरेल का? मी गेली बावीस वर्षे हेच काम करते आहे. माझी सुरुवात त्वचारोगशास्त्रातून झाली, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे माझ्या मतांतला कल वाचणाऱ्याला वजा करून घेता येईल.

वाटेचा प्रश्न पहिला असला तरी त्याचे उत्तर थोडे मागे ठेवते, कारण या कामात नेमके काय करायचे असते हे उमगल्याशिवाय वाट निवडण्यात अर्थ नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे शिवणकाम वाटते: डाग काढायचा, कातडी जुळवायची, बारीक टाके घालायचे. मीही याच समजुतीने आले. माझे टाके सुबक पडत, वरिष्ठ तसे बोलूनही दाखवत, आणि त्याचा मला थोडा गर्वच होता.

स्वतंत्रपणे काम करू लागून वर्षही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट आहे. एका साठीतल्या गृहस्थांच्या नाकपुडीवर सहा मिलिमीटरचा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वाधिक आढळणारा कर्करोग, होता. भोवतालची चार मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा घेऊन मी तो काढला आणि त्याच बैठकीत शेजारची त्वचा फिरवून दोन पाकळ्यांचा फ्लॅप, म्हणजे एका बाजूने जोडलेलाच ठेवलेला त्वचेचा तुकडा, खड्ड्यावर बसवला. फ्लॅप इतका छान बसला होता, की मी त्याचे फोटो सहकाऱ्यांना दाखवले. आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: एका कडेला ट्यूमर शिल्लक आहे. कोणत्या कडेला, ते कागदावर लिहिलेले होते. परंतु त्यांच्या नाकावर ती कडा आता कुठे होती हे मला सांगता येईना, कारण फ्लॅप फिरवताना मूळ खड्ड्याच्या कडा ताणल्या गेल्या होत्या, सरकल्या होत्या आणि अर्ध्याअधिक नव्या कातडीखाली गेल्या होत्या. सगळा फ्लॅप उघडावा लागला. जखम पहिलीच्या तिप्पट झाली आणि अखेर कपाळाची त्वचा देठासकट नाकावर आणून तीन आठवडे तशीच ठेवावी लागली. त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. शेवटचे टाके काढताना एवढेच म्हणाले, "डॉक्टर, पहिल्यांदा केलं होतं ते किती छान दिसत होतं."

तेव्हापासून एक नियम पाळते. सरळ रेषेत शिवता येणारी साधी जखम वगळता, कडा स्वच्छ असल्याचे कळेपर्यंत शेजारची त्वचा हलवायची नाही. जखम ड्रेसिंग करून उघडी ठेवली आणि रिपोर्टसाठी काही दिवस थांबले, तर रुग्णाचे फारसे बिघडत नाही. घाईने झाकलेल्या कडेने मात्र पुढची सगळी गणिते बिघडतात. हे सारे करिअरच कडेचे आहे. थोडे कमी काढले तर रोग उरतो, थोडे जास्त काढले तर पापणी मिटत नाही किंवा ओठ ओढला जातो, आणि या दोन चुकांमधले अंतर चेहऱ्यावर बहुधा दोन-तीन मिलिमीटरचे असते.

आता कडा तपासतात कशी, ते पाहा, कारण इथेच या शाखेचा जन्म आहे. नेहमीच्या पद्धतीत काढलेला तुकडा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात जातो, त्याच्या उभ्या चकत्या पाडल्या जातात आणि काही निवडक चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. दोन चकत्यांच्या मधला भाग कोणी पाहत नाही. हिशेब केला तर प्रत्यक्षात एकूण कडेचा एक टक्काही डोळ्यांखालून जात नाही. गोल गरगरीत, एकसंध वाढणाऱ्या ट्यूमरला ही पद्धत पुरते. परंतु काही बेसल सेल कार्सिनोमा झाडाच्या मुळांसारखे बारीक तंतू काढत पसरतात, आणि असा एखादा तंतू दोन चकत्यांच्या मधून निसटला, की रिपोर्ट "कडा मुक्त" असा येतो आणि तीन-चार वर्षांनी व्रणाच्या शेजारी पुन्हा मोत्यासारखी चकाकणारी गाठ उगवते.

यावरचा तोडगा विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेडरिक मोह्स यांनी काढला, आणि तोही वैद्यकीय विद्यार्थी असताना. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रयोगशाळेत ट्यूमरमध्ये वेगवेगळी रसायने टोचून परिणाम पाहण्याच्या कामात मदत करत होते. झिंक क्लोराइडने ऊती जागच्या जागी मरते, पण तिची सूक्ष्म रचना जशीच्या तशी टिकते, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी झिंक क्लोराइडचा लेप तयार केला आणि १९३६ पासून रुग्णांवर वापरला: लेप लावायचा, दुसऱ्या दिवशी एक पातळ थर काढायचा, त्याची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, जिथे रोग दिसेल तिथेच पुन्हा लेप लावायचा. रुग्णाला हे दुखत असे, आणि थरामागून थर काढण्यात दिवसामागून दिवस जात. १९४१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तरी कित्येक वर्षे अनेक सर्जनांनी त्याकडे लेपवाल्याचा उद्योग म्हणून नाक मुरडले. लेपाऐवजी ताज्या ऊतीचे गोठवून काप घेण्याची रीत १९७० च्या दशकात रूढ झाली. ट्रोमोविच आणि स्टेगमन या त्वचारोगतज्ज्ञांचा त्यावरचा लेख १९७४ चा. त्यानंतरच ही शस्त्रक्रिया एका दिवसात आटोपू लागली.

आज आमच्याकडे काम असे चालते. इंजेक्शनने जागा बधिर करून मी दिसणारा ट्यूमर खरवडून घेते आणि मग सुरी साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी धरून बशीच्या आकाराचा पातळ थर काढते. काढण्याआधी थरावर आणि शेजारच्या त्वचेवर घड्याळाच्या बाराच्या, तीनच्या, सहाच्या जागी बारीक खुणा केलेल्या असतात. थर उचलला की तो कागदावर काढलेल्या नकाशाशेजारी जसाच्या तसा ठेवायचा, त्याच्या बाजू निळ्या, लाल, काळ्या शाईने रंगवायच्या आणि मग तंत्रज्ञाच्या हाती द्यायचा. तंत्रज्ञ पानाचा द्रोण दाबून पत्रावळीसारखा सपाट करावा, तसा तो थर दाबतो, म्हणजे त्याच्या कडा आणि तळ एकाच पातळीत येतात. उणे वीस अंश किंवा त्याहून थोड्या थंड अशा क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे ऊती गोठवून काप घेण्याच्या यंत्रात, त्याचे पाच ते दहा मायक्रॉन जाडीचे काप निघतात. पाऊण-एक तासाने स्लाइड माझ्यासमोर येते, आणि एकाच कापात मला संपूर्ण तळ आणि संपूर्ण कडा दिसते. समजा लाल शाईच्या बाजूला, साडेचारच्या जागी जांभळट पेशींचे एक बेट दिसले, तर मी नकाशावर तिथेच टिंब देते, रुग्णाकडे परत जाते आणि फक्त तेवढाच कोपरा आणखी दीड-दोन मिलिमीटर काढते. बाकीच्या कडेला हात लावण्याचे कारण नसते. रुग्ण तोवर बाहेर मलमपट्टी लावून वाचत किंवा डुलक्या घेत बसलेला असतो.

या पद्धतीने पहिल्यांदाच उपचार होत असलेल्या बेसल सेल कार्सिनोमात पाच वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्के मिळते. आधी उपचार होऊन उलटलेल्यात ते ९४-९५ टक्क्यांच्या आसपास येते. मात्र हे आकडे सुरीचे नाहीत, स्लाइड वाचणाऱ्या डोळ्यांचे आहेत. केसाचे मूळ तिरके कापले गेले, की ते हुबेहूब बेसल सेल कार्सिनोमासारखे दिसते, आणि नवखा सर्जन त्यापायी नाकाची निरोगी त्वचा काढत बसतो. दाहाच्या पेशींची दाटी झाली, की त्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगाच्या दोन-चार पेशी लपून जातात. चरबी पुरेशी गोठली नाही तर कापाला भोके पडतात, आणि नेमक्या त्या भोकात काय होते हे कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी "बहुतेक काही नसेल" असे मनाशी म्हणणे हा या कामातला सर्वांत मोठा मोह आहे. दुपारचे तीन वाजलेले असतात, रुग्ण सकाळपासून बसलेला असतो, आणि आणखी एक काप मागायचा म्हणजे आणखी वीस मिनिटे. काप मागावा.

आता वाटेचा प्रश्न. त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ही कोणा एका शाखेची मालकी नाही. त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, कर्करोग सर्जन, कान-नाक-घसा व डोके-मान सर्जन, जबड्याचे सर्जन, पापण्यांवर काम करणारे नेत्रशल्यतज्ज्ञ, सगळेच ती करतात. मोह्स पद्धतीत प्रावीण्य हवे असेल, तर बहुतेक ठिकाणी त्वचारोगशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर एक-दोन वर्षांची फेलोशिप अशी वाट असते. या वाटेचा मोठा फायदा असा, की डाग ओळखण्याची आणि स्लाइड वाचण्याची सवय पहिल्या वर्षापासून लागते. तोटाही तेवढाच खरा आहे: मोठा रक्तस्राव, पूर्ण भूल, मानेच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढणे, यांतले काहीच नीट अंगवळणी पडत नाही. शस्त्रक्रियेकडून आलेल्यांचे याच्या उलट होते. ते मानेत निर्भयपणे उतरतात, परंतु डागाची खरी सीमा कुठे संपते हे भिंगाने न्याहाळण्याचा धीर त्यांच्यापैकी पुष्कळांकडे नसतो. स्पष्टच सांगायचे तर, मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग), लसिकाग्रंथी आणि पसरलेला रोग यांकडे ओढा असेल तर कर्करोग शस्त्रक्रियेकडून या; चेहरा, कडा आणि सूक्ष्मदर्शक आवडत असेल तर त्वचारोगशास्त्राकडून या. कोणतीही वाट धरली तरी स्वतंत्र उभे राहेपर्यंत तिशी उलटलेली असते, तेव्हा एखादे वर्ष वाचवण्यासाठी चुकीची वाट धरू नये.

वाट कोणतीही असो, काही गोष्टी स्वतःच्या हिमतीवर शिकाव्या लागतात. पहिली, इंजेक्शन देणे. बधिर करण्याचे औषध ॲड्रेनॅलिनसह दिल्यावर लगेच सुरी लावणारे सर्जन मी पाहिले आहेत. रक्त वाहते आणि मग ते औषधाला दोष देतात. निदान दहा-पंधरा मिनिटे थांबावे. औषधात थोडे सोडियम बायकार्बोनेट मिसळले आणि सुई सावकाश पुढे सरकवली, तर जळजळ बरीच कमी होते. दिवसभर जागा असलेला रुग्ण तुमचे टाके विसरतो, सुई विसरत नाही.

दुसरी गोष्ट, नसा. चेहऱ्याच्या नसेची कपाळाकडे जाणारी शाखा गालफडाच्या हाडावरून जाताना अगदी उथळ असते. तिथे घाईने खोल गेलात तर भुवई कायमची उतरते. मानेच्या मागच्या त्रिकोणात ॲक्सेसरी नस त्वचेखाली फार खोल नसते, आणि ती कापली गेली तर रुग्णाचा खांदा पडतो, हात डोक्याच्या वर जात नाही. एका छोट्या गाठीसाठी ही किंमत मोजायला लावणे अक्षम्य आहे.

तिसरी गोष्ट ऐकायला हास्यास्पद वाटेल: योग्य जागा सापडणे. बायोप्सी झाल्यावर तीन-चार आठवड्यांत ती जागा इतकी भरून येते, की पाठीवर, कानामागे किंवा उन्हाने करपलेल्या टकलावर दहा डागांपैकी नेमका कोणता ते रुग्णालाही सांगता येत नाही आणि डॉक्टरलाही. चुकीच्या जागी सुरी चालवल्याची प्रकरणे या शाखेत खरोखर घडतात. उपाय साधा आहे. बायोप्सीच्या आधीच जागेला पेनाने गोल करून दोन फोटो घ्यायचे, एक जवळून आणि एक कान किंवा डोळा दिसेल इतक्या लांबून. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाच्या हाती आरसा द्यायचा, त्याचे बोट त्या जागेवर ठेवून घ्यायचे, फोटोशी पडताळायचे आणि मगच इंजेक्शन भरायचे.

जखम भरून काढण्याविषयी तरुणांना फार उत्सुकता असते, आणि ती रास्त आहे, कारण हा भाग खरोखर सुंदर आहे. कपाळाची त्वचा देठासकट नाकावर आणण्याची जी रीत मी वर सांगितली, तिला जगभर भारतीय पद्धत म्हणतात. पुण्यात एका कुंभाराने अशा तऱ्हेने कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक बनवले, त्याचे चित्रासह वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले आणि ते वाचून युरोपातले सर्जन या रीतीकडे वळले. आम्ही आजही जवळपास तेच करतो. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर चढणाऱ्या रक्तवाहिनीवर तो देठ जगतो, हे ज्ञान मात्र नंतरचे. तरीही माझा अनुभव असा, की फ्लॅप शिकण्यापेक्षा फ्लॅप न करण्याचा निर्णय शिकायला जास्त वर्षे लागतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, कानाच्या वाटीत, नाकपुडीच्या खोबणीत, म्हणजे जिथे त्वचा आत वळलेली असते तिथे, उथळ जखम उघडी सोडून रोज व्हॅसलीन लावत राहिले, तर चार-सहा आठवड्यांत ती इतकी नेटकी भरते, की मी कितीही कौशल्याने शिवले असते तरी तसे साधले नसते. रुग्णाला हे आधी समजावून सांगावे लागते, नाहीतर डॉक्टरांनी काम अर्धवट टाकले असे त्याला वाटते.

इथपर्यंत मी बहुतेक बेसल सेल कार्सिनोमाविषयीच बोलले. त्वचेच्या कर्करोगांत तो सर्वाधिक आढळतो, सावकाश वाढतो आणि क्वचितच शरीरात अन्यत्र पसरतो; त्याची हानी जागच्या जागी असते. स्क्वॅमस सेल कार्सिनोमाशी वागताना मात्र सावध असावे लागते. ओठावरचा, कानावरचा, दोन सेंटिमीटरांहून मोठा किंवा नसेच्या आवरणातून सरकणारा ट्यूमर लसिकाग्रंथींत जाऊ शकतो. म्हणून मी प्रत्येकाला विचारते, "इथे मुंग्या येतात का? कातडीखाली काही सरपटल्यासारखं वाटतं का?" या प्रश्नाला होकार आला, की त्या दिवसाचा बेत बदलतो: आधी एमआरआय, मग सुरी. अवयव प्रत्यारोपण झालेल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत हा कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक होतो. त्यांच्यापैकी काहींना आयुष्यभर दर तीन महिन्यांनी आमच्याकडे यावे लागते.

मेलॅनोमाचे शास्त्र वेगळे आहे. तिथे काय करायचे हे ट्यूमरची जाडी ठरवते, आणि ती मिलिमीटरमध्ये मोजण्याची रीत अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. जाडी एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची एक सेंटिमीटर त्वचा, दोन मिलिमीटरांहून जास्त असेल तर दोन सेंटिमीटर, असा आजचा प्रघात आहे. कोणे एके काळी पाच-पाच सेंटिमीटर काढत असत. जास्त कापणाऱ्याला अधिक यश मिळते ही समजूत या शाखेत पुन्हा पुन्हा खोटी ठरली आहे. डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सेंटिनेल लसिकाग्रंथी, म्हणजे ट्यूमरकडून येणारा रोग जिच्यात पहिल्यांदा पोचेल ती ग्रंथी, शोधून तेवढीच तपासण्याचे तंत्र मांडले, तेव्हा तिच्यात रोग सापडला की त्या भागातल्या सगळ्या ग्रंथी काढणे हे ओघाने आलेच असे आम्ही मानत होतो. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवले, की सगळ्या ग्रंथी काढल्याने मेलॅनोमाने होणारे मृत्यू कमी होत नाहीत, हातापायाला कायमची सूज येण्याचे प्रमाण मात्र जवळपास चौपट होते. जे काम मी अभिमानाने शिकले होते, ते बऱ्याच अंशी थांबवावे लागले. या करिअरमध्ये अशा दोन-तीन वेळा येणारच, हे धरून चालावे.

एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत कोपऱ्यात असते, ती मध्यभागी आणून ठेवते. त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्या लोकांचा रोग, ही समजूत डॉक्टरांतही आहे. गडद त्वचेत तो कमी होतो हे खरे, पण होतो तेव्हा पुष्कळदा उन्हाच्या जागी शोधून सापडत नाही. मेलॅनोमा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा आधी फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजला गेला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले. माझ्याकडे तळपायावरची "भोवरी" कापून घेत वर्ष-दीड वर्ष हिंडून आलेले रुग्ण येतात. नखावरची काळी रेघ रुंद होत असेल किंवा तिचा रंग नखाच्या मुळाकडच्या कातडीवर उतरला असेल, तर बायोप्सी लांबवू नये. भाजल्याच्या जुन्या व्रणावर अनेक वर्षांनी, पुष्कळदा तीस वर्षांनीही, न भरणारी जखम झाली तर तिच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवावा. अशा जखमांना ज्या फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांचे नाव दिले जाते, त्यांनी अशा व्रणांचे वर्णन १८२८ मध्येच केले होते, आणि तरीही त्या अजून महिनोन्‌महिने फक्त ड्रेसिंगवर राहतात.

औषधांनी आमचे काम जाईल का? काही काम गेले आहे, आणि ते गेले याचा मला आनंद आहे. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब ही, शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे सोडणारी औषधे आली आणि पसरलेल्या मेलॅनोमाचे चित्र पालटले. या औषधांमागच्या मूळ संशोधनासाठी ॲलिसन आणि होन्जो या शास्त्रज्ञांना २०१८ चे नोबेल मिळाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शस्त्रक्रिया करता येईल पण मोठी करावी लागेल अशा स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच्या ७९ रुग्णांना आधी सेमिप्लिमॅब हे याच प्रकारचे औषध दिले गेले. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीत त्यांच्यापैकी ४० जणांत एकही जिवंत कर्करोगपेशी सापडली नाही. ज्या माणसाचा डोळा काढावा लागणार होता, त्याच्या बाबतीत आता आधी औषध देऊन पाहावे का, हा प्रश्न आम्ही गांभीर्याने विचारतो. पण त्या ४० जणांत रोग उरला नाही हे कळले कसे? कोणीतरी ती जागा काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणून. पुढच्या पिढीचा सर्जन कदाचित कमी कापेल. परंतु औषध कोणाला, सुरी कोणाला आणि किरणोपचार कोणाला हे ठरवणाऱ्या बैठकीत तो बसलेला असेल. तिथे बोलायचे असेल, तर आपल्या सुरीपलीकडचे वाचन हवे. नाकावरच्या सहा मिलिमीटरच्या ट्यूमरसाठी शिरेतून महिनोन्‌महिने औषध देण्याची वेळ मात्र मला नजीकच्या काळात दिसत नाही.

कंटाळ्याविषयी. हो, येतो. गुरुवारी दुपारी दिवसातले सातवे नाक समोर आले, की येतो. मानेचा आणि पाठीचा त्रास तर या कामात जवळजवळ ठरलेला. टेबलाची उंची आणि भिंगाचा चष्मा पहिल्या वर्षीच नीट जमवून घ्या, मी पंधराव्या वर्षी जमवला. रात्री-अपरात्रीची धावपळ इतर शस्त्रक्रियांच्या मानाने कमी असते, आणि घर-संसार सांभाळणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही. परंतु मला या कामात धरून ठेवले ते निर्णयांनी. ब्याण्णव वर्षांच्या बाईंच्या गालावर सावकाश वाढणारा, न दुखणारा, वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा आहे. मुलगा म्हणतो काढा, त्या म्हणतात कशाला. मी तो मोजते, फोटो काढते आणि सहा महिन्यांनी बोलावते. रोग नव्हे, रोग काढण्याचा त्रासच त्यांना आधी गाठेल, असे माझे मत असते, आणि ते मुलाला पटवताना शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ जातो. शस्त्रक्रियेचे निकालही डोळ्यांसमोर चालत येतात. पाच, दहा वर्षांनी तोच रुग्ण तपासणीला येतो, तेव्हा त्याच्या नाकावर माझे बरे-वाईट काम सरळ दिसते. ज्यांच्या फ्लॅपची गोष्ट वर सांगितली, ते गृहस्थ अकरा वर्षे येत राहिले. रोग परतला नाही. कपाळावरची उभी रेषाही पुसट झाली होती; मला मात्र ती लांबूनच दिसत असे.

तेव्हा निर्णय घेण्याआधी हे करून पाहा. तुमच्या रुग्णालयातल्या पॅथॉलॉजिस्टला विचारून आठवड्यातून एक दुपार त्यांच्या दुहेरी सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या बाजूला बसा, आणि त्वचेच्या स्लाइडमध्ये केसाचे मूळ, घामाची ग्रंथी आणि ट्यूमर वेगळे ओळखू येईपर्यंत बसत राहा. एखाद्या सर्जनबरोबर पूर्ण दिवस घालवा, पण शस्त्रक्रियेचा नव्हे, ओपीडीचा. बायोप्सीचा रिपोर्ट रुग्णाला सांगताना ते काय शब्द वापरतात ते ऐका. स्वस्तातला का होईना, एक डर्माटोस्कोप (त्वचा पाहण्याचे दिव्याचे भिंग) घ्या आणि दिसेल तो तीळ त्यातून पाहा, त्यात घरच्यांचे तीळही आले. तीन महिन्यांनंतर स्लाइडसमोर बसलेले असताना घड्याळाकडे लक्ष जात नसेल, तर त्वचारोगशास्त्राचा अर्ज भरा. जात असेल आणि शेजारच्या थिएटरमध्ये काय चालले आहे याचीच ओढ वाटत असेल, तर शस्त्रक्रियेचा भरा. तिकडूनही आमच्याकडे येता येते, फक्त सूक्ष्मदर्शकाची ती दुपार तेव्हाही चुकवू नका.